‘डी-डी ट्रान्झिशन’ हे उत्तर कुठे अपुरं पडतं?

संक्रमण धातूंची काही संयुगं भडक रंगाची का असतात? नेट-सेटची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: “डी ऑर्बिटल्स अर्धवट भरलेली असतात, म्हणून डी-डी ट्रान्झिशन होतं.” गाईडमध्येही हेच, नोट्समध्येही हेच. हे उत्तर चूक नाही. ते कुठे थांबतं हे कुणी सांगत नाही, ही माझी तक्रार आहे.

पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन आठवा. त्यातलं मँगनीज +7 अवस्थेत, म्हणजे डी-शून्य. उडी मारायला डी इलेक्ट्रॉनच नाही! तरी रंग इतका गडद की ब्युरेटमध्ये मेनिस्कसची वरची कड वाचावी लागते. उलट, अभिक्रियेत तयार होणारं मँगनीज +2 हे डी-5, अगदी अर्धं भरलेलं. ते मात्र जवळपास रंगहीन. एकाच फ्लास्कमध्ये आपलं पाठ केलेलं उत्तर दोनदा अडकतं.

कारण, या उत्तरात दोन प्रश्नांची सरमिसळ होते: रंग कोणता, आणि किती गडद? पहिल्याचं उत्तर ऊर्जेतल्या फरकात आहे, दुसऱ्याचं निवड नियमांत. अष्टफलकीय संकुलात डी-डी ट्रान्झिशनला लापोर्ट नियम आडवा येतो, म्हणून पाण्यातल्या टायटॅनियम +3 ची मोलर अ‍ॅबसॉर्प्टिव्हिटी फक्त 5 च्या आसपास. मँगनीज +2 मध्ये स्पिनचा नियमही मोडावा लागतो. तिथे ती 0.1 पेक्षाही कमी. परमँगनेटमध्ये ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन धातूच्या रिकाम्या डी ऑर्बिटलमध्ये जातो. या चार्ज ट्रान्सफरला नियमांची आडकाठी नाही, म्हणून आकडा थेट 2,000 च्या वर.

संशोधनात हे का महत्त्वाचं? उद्या तुमच्या संकुलाचा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम येईल. मोठा पट्टा दिसला की सवयीने त्याला ‘डी-डी’ म्हणाल, त्यावरून डेल्टा काढाल, आणि पुढची सगळी चर्चा चुकीच्या पायावर उभी राहील. म्हणून आधी तीव्रता बघा, मग भूमिती. चतुष्फलकीय संकुलात सममितीकेंद्र नसतं, त्यामुळे निळ्या टेट्राक्लोरोकोबाल्टेटमध्ये डी-डी पट्टासुद्धा शेकड्यांत जातो. म्हणजे नुसत्या आकड्यावरही निकाल देऊ नका.

पाठ केलेली ओळ परीक्षेत मार्क देईल. स्पेक्ट्रमसमोर बसल्यावर मात्र “हा पट्टा डी-डीच कशावरून?” हे स्वतःलाच विचारावं लागेल.