तिसरी ओळ

वडील गणिताचे मास्तर. उभ्या आयुष्यात कोकम सरबतापलीकडे कशाला शिवले नाहीत. ते गेल्यावर त्यांच्या कपाटात, अंकगणिताच्या पुस्तकांमागे, उमर खय्याम निघाला, तेव्हा आईने आधी कपाट हुंगून पाहिलं.

बाटली नव्हती. एक शंभरपानी वही होती.

ती वाचून कळलं, की हा संबंध निव्वळ व्यावसायिक! निशापूरचा हा गृहस्थ (१०४८–११३१) मुळात गणिती. घन समीकरणं सोडवणारा, १०७९ च्या जलाली पंचांगाच्या कामात असलेला. रुबाईची मांडणीही गणितासारखीच काटेकोर. ओळी चारच. पहिली, दुसरी, चौथी यमकात. तिसरी बहुधा मोकळी. दोन ओळींत कुंभाराचं मडकं दाखवायचं, तिसरीत ऐकणाऱ्याला जरा बेसावध करायचं आणि चौथीत सांगायचं, की बाबा रे, ही माती एके काळी तुझ्यासारखीच बोलत होती. प्याला येतो तो त्यानंतर. तो उत्तर नव्हे. गणित सुटत नाही याची कबुली.

फिट्झजेराल्डवर मात्र वडिलांचा राग. १८५९ साली त्याने इंग्रजीत ७५ रुबाया अशा ओवल्या, की पहाटे सुरू झालेली बैठक चंद्र उगवेपर्यंत उठतच नाही. जुन्या फारसी हस्तलिखितांत त्या यमकाच्या शेवटच्या अक्षराप्रमाणे लावलेल्या असत. प्रत्येक उदाहरण स्वतंत्र. मला वडिलांचं पटतं. इंग्रजी काव्य सुंदरच आहे, पण त्यात गोष्ट मिळाली आणि एकेका रुबाईनंतरची शांतता गेली. शिवाय १८९७ साली झुकोव्स्की या रशियन पंडिताने दाखवलं, की खय्यामच्या नावावरच्या ८२ रुबाया इतर कवींच्याही नावावर आहेत. समासात वडिलांचा शेरा : ‘कॉपी कोणी कोणाची केली, सिद्ध होत नाही. उत्तर मात्र बरोबर.’

आम्ही चार भावंडं. तिघं बँकेत, मी तिसरा, लिहिणारा. यावर वडील मला कधी काही बोलले नाहीत. ती नापसंतीच, असं मी धरून चाललो होतो.

वहीच्या शेवटच्या पानावर चार आडव्या रेघा होत्या. तिसरीपुढे लाल शाईत लिहिलं होतं : ‘हिचं यमक जुळत नाही. जुळवू नये. हिच्यामुळेच चौथी उभी राहते.’

ते वाचून मला पुढचं दिसेना. चष्मा पुसून मी वही धाकट्यापुढे धरली.

तो म्हणाला, “चौथी उभी राहते? अरे, दर महिन्याला तुला उसने पैसे कोण देतं?”