पिसांचा मासा

गळ टाकून मासे धरण्याचा विषय वाङ्मयटीकेच्या पानांत यावा, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु आमच्याकडे वर्णनाची स्तुति करतांना 'हुबेहूब' हा शब्द इतक्या सढळ हातानें वापरला जातो, कीं अनुकृति म्हणजे काय हें एकदां पोटासाठीं अनुकृति पारखणाऱ्या प्राण्यासच विचारून पाहावें, असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत (इ. स. ११३१ च्या सुमारास) मत्स्यविनोद नांवाचें एक प्रकरण आहे. जुन्या मराठीच्या अभ्यासकांस हा ग्रंथ त्यांतील मराठी पद्यांमुळें ठाऊक असतो. मत्स्यविनोदाकडे मात्र फारसें कोणी वळत नाहीं. राजानें सुमारें ३५ जातींचे मासे वर्णिले आहेत, त्यांस काय खाऊं घालावें हें सांगितलें आहे, आणि काठी, दोरी व गळ यांचाही विचार केला आहे. वाचतांना पाकशास्त्राचाच भास होतो. आमिष तेथें खरोखरीचें अन्न आहे. फसवणूक काय ती घासांत कांटा आहे एवढीच. राजानें माशाच्या जिभेचा विचार केला, डोळ्याचा केला नाहीं, असें आमचें मत आहे.

मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याचें 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक १८७३ सालीं निघालें. खडस, म्हणजे इंग्रजांचा महसीर, हा त्याचा नायक. या माशाच्या जबड्यांत दांत नसून ते घशांत असतात, व तेथील दाबानें तो भक्ष्य चिरडतो, हें ध्यानीं घेतल्यावांचून त्याचा गळ निवडतां येत नाहीं. लहान मेलेला मासा गळावर असा ओंवावा, कीं ओढतांना तो पाण्यांत गरगर फिरावा, अशी टॉमसची शिकवण. अन्न अद्याप खरेंच आहे, पण त्यांत आतां गति आली. देशी मासेमारांकडे मात्र तो मुख्यत्वें मत्स्यबीजाचा नाश करणारे म्हणूनच पाहतो. ती तक्रार अगदीं निराधार नव्हती; पण तीमुळें त्या लोकांस काय ठाऊक आहे हें विचारावयाचें राहून गेलें.

खऱ्या अन्नाला रजा दिली ती स्ट्रीमरनें. लांब दांड्याच्या गळावर पिसें व केस बांधून केलेली ही 'माशी' नांवाचीच माशी. ती सोंग घेते लहान माशाचें. तिला स्वतःचें वजन जवळजवळ नसतें. फेंकली जाते ती जड दोरी, व तिच्यामागून ही जाते. अमेरिकेंतील मेन प्रांतांत कॅरी स्टीव्हन्स या बाईनें १९२४ सालीं आपण बांधलेल्या अशाच पिसांवर ६ पौंड १३ औंसांचा ट्राउट धरला. तिचें 'ग्रे गोस्ट' पुढें प्रसिद्धीस आलें. पेनसिल्व्हेनियांतील बॉब क्लाउसर यानें १९८७ सालीं हरणाचे केस व शिशाचे दोन डोळे घेऊन दुसरें एक रचलें. त्या डोळ्यांचें काम पाहण्याचें नव्हे, बुडण्याचें. दोरी ओढली कीं तें पुढें झेंपावतें, सोडली कीं डोक्यावर खालीं जातें. डबींत ठेवलेली ही वस्तु माशासारखी मुळींच दिसत नाहीं. खवले नाहींत, कल्ले नाहींत, पोट नाहीं.

गेल्या हिंवाळ्यांत हिंगणघाट तालुक्यांतील वडनेरास आमचा मुक्काम होता. एका स्नेह्यानें परदेशाहून आणलेलें असलें एक स्ट्रीमर घेऊन आम्ही वर्धा नदीच्या एका डोहावर गेलों. तेथें एक वृद्ध भोई बेडूक लावून मरळ माशासाठीं बसला होता. पुण्याकडे ज्यांस अलकूट म्हणतात तसल्या रुपेरी माशांचा थवा कांठाशीं खेळत होता. आम्ही डबी उघडून दाखविली. तो हंसला. "गुरुजी, याले मासा कोन म्हनन? हे त कोंबड्याचं पीस हाय."

मग स्नेह्यानें तें पाण्यांत टाकून हातानें थोडें थोडें ओढलें. भिजलेलीं पिसें दांड्याला चिकटलीं, ओढ थांबली कीं फुलूं लागलीं, आणि तें एका कुशीवर कललें. म्हातारा कांहीं वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हा त दुखल्यावानी पोहून राह्यला. मरळ थव्याच्या मांगं नाई लागत, गुरुजी. जो मांगं राह्यते त्याले धरते."

टॉमसच्या पुस्तकांत हें वाक्य शोभलें असतें. ज्या आकाराची आम्ही थट्टा करीत होतों, तो आकार नकलेचा विषयच नव्हता. नक्कल होती ती थव्यांतून मागें पडलेल्या जीवाच्या डळमळण्याची. आमच्या कादंबऱ्यांतील नदीचीं वर्णनें या कसोटीस लावावीं. वाळूचा रंग, पाण्याचा रंग, कांठच्या बाभळी, सारें बिनचूक असतें. पण कोणत्या पात्राच्या डोळ्यांनीं, कसल्या भुकेनें, हें पाणी पाहिलें तें लेखकासही ठाऊक नसतें. खवले मोजलेले, मासा मेलेला. मराठींत गळाच्या विद्येवर टॉमसच्या तोडीचें पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं, आणि तें एखाद्या भोयाच्या तोंडून लिहून घेतल्याशिवाय होणारही नाहीं.

स्ट्रीमर त्या दिवशीं दोन तास पाण्यांत होतें. त्याला कांहीं लागलें नाहीं. दिवेलागणीस मरळ लागला तो म्हाताऱ्याच्या बेडकाला.