पुसलेल्या पावलांचे स्मारक

हिंसेचे स्मरण करू पाहणाऱ्या कलेपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पुराव्याचा. ज्या घटनेला तारीख आहे, स्थळ आहे, वृत्तपत्रात छापलेले छायाचित्र आहे, तिचे स्मारक उभारणे अवघड असले तरी शक्य असते. परंतु जी हिंसा शतकानुशतके नित्याचा व्यवहार म्हणून चालली, जिची नोंद ठेवावी असे ती करणाऱ्यांना कधी वाटले नाही, तिचे स्मारक कशावर उभारावयाचे? समकालीन भारतीय कलेतील दोन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिले उदाहरण विवान सुंदरम् (१९४३–२०२३) यांच्या ‘मेमोरियल’ या १९९३ सालच्या मांडणशिल्पाचे. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यापाठोपाठ डिसेंबर-जानेवारीत मुंबईत दंगली उसळल्या. त्या काळात होशी जाल यांनी टिपलेले, रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाचे छायाचित्र ‘टाइम्स ऑफ इंडिया’त प्रसिद्ध झाले. सुंदरम् यांनी ते एकच छायाचित्र पुनःपुन्हा हाताळले, त्यावर खिळे ठोकले, आणि पत्र्याच्या ट्रंका रचून प्रवेशद्वार उभे केले. ट्रंक ही घर सोडून निघालेल्या माणसाची सोबतीण. तिचीच येथे कमान होते. एरवी राजपुरुषांसाठी राखलेला सन्मान रस्त्यावरच्या अनाम प्रेताला मिळतो. ही कृती शोक करते, आणि तो शोक सार्वजनिक आहे. मात्र तिच्या मुळाशी एक छायाचित्र आहे, हे विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण सवी सावरकर यांचे. १९६१ साली नागपुरात जन्मलेल्या आणि बडोद्यात मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतलेल्या या चित्रकाराने अस्पृश्य आणि देवदासी हे विषय आयुष्यभर हाताळले. जाड, काळ्या, जाणीवपूर्वक ओबडधोबड रेषेतून त्यांची माणसे उभी राहतात. त्यांपैकी सर्वांत परिचित आकृती म्हणजे गळ्यात मडके आणि पाठीमागे झाडू बांधलेला माणूस. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्यांवर लादलेल्या या निर्बंधांचा उल्लेख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केला आहे. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडके. आणि ज्या धुळीवर पाऊल उमटले, ती धूळ इतरांना विटाळू नये म्हणून झाडू.

या झाडूचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. येथे माणसाला केवळ अपमानित केले जात नाही; त्याची खूण त्याच्याच चालण्याने पुसून घेतली जाते. स्वतःचा पुरावा नष्ट करण्याचे काम पीडितावरच सोपविणारी ही हिंसा होय. सांची आणि भारहूत येथील आरंभीच्या शिल्पांत बुद्धांची मानवी आकृती दिसत नाही. पादचिन्हे, बोधिवृक्ष व रिक्त आसन यांतून त्यांचे अस्तित्व सूचित होते. ज्या भूमीने पावलांच्या ठशाला वंदनीय मानले, त्याच भूमीवर पुढे काही माणसांच्या पावलांचा ठसा असह्य ठरला. सावरकरांची रेषा हा पुसलेला ठसाच पुन्हा उमटविते. जेथे छायाचित्र असणे शक्यच नव्हते, तेथे चित्रालाच साक्षीदार व्हावे लागते.

दोन्ही कलाकृतींत आणखी एक भेद आहे. सुंदरम् यांच्या चौकटीत मारणारा नाही. सावरकरांच्या देवदासीचित्रांत पुरोहितही त्याच चौकटीत उभा आहे. एक कृती शोक करते, तर दुसरी आरोप ठेवते. परंतु याच सामर्थ्यात एक धोका दडलेला आहे. अन्याय करणारा शेंडी-जानव्याचा ठराविक नमुना झाला की प्रेक्षक ‘हा मी नव्हे’ म्हणून सुटका करून घेतो. गाडगे-झाडूची प्रतिमाही वारंवार आली की ती जुन्या काळाचे चिन्ह बनते, आणि पेशवाई संपली या समाधानात दालनातून बाहेर पडता येते.

हे समाधान कितपत खरे आहे? पालीतील ‘सति’ हा शब्द संस्कृत ‘स्मृति’चेच रूप, परंतु धम्माच्या परिभाषेत गतकाळाची आठवण एवढाच त्याचा अर्थ उरत नाही, तर समोर जे आहे त्याचे जागे भान असाही होतो. सावरकरांच्या चित्रांना हीच कसोटी लावावी. माणसाकरवी मैला साफ करवून घेण्यास बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरतच आहेत. झाडू पाठीवरून हातात आला, एवढाच काय तो फरक. हे भान ठेवून पाहिले, तर मडके बांधलेली ती आकृती इतिहासाच्या पुस्तकातील राहत नाही.

म्हणूनच ‘मेमोरियल’ची वेदना आणि सावरकरांची साक्ष यांत लहानमोठे ठरविण्याचे कारण नाही. एका रात्रीत पेटलेल्या हिंसेला शोकाची गरज असते. रोज सकाळी निमूटपणे पार पडणाऱ्या हिंसेला आधी कोणीतरी हिंसा म्हणावे लागते. सावरकरांच्या ओबडधोबड रेषेने ते म्हटले आहे. तिचे सौंदर्य शोधणाऱ्याने प्रथम स्वतःच्या पायांखालची धूळ पाहावी.