‘पंचवीसपैकी किती?’ : विषाणूजन्य न्यूमोनियानंतरच्या छातीच्या प्रतिमाचित्रणाची चिकित्सा
(विशेष संदर्भ : वसई-विरार परिसर)

प्रास्ताविक

विषाणूजन्य न्यूमोनियातून उठलेल्या रुग्णाचे फुफ्फुस कितपत सावरले, याचा मागोवा छातीचे क्ष-किरण चित्र आणि एचआरसीटी तपासणी यांच्या साहाय्याने घेता येतो. कोविड-१९च्या साथीत, २०२०-२१ मध्ये, हा तांत्रिक विषय महाराष्ट्रातील घराघरांत एका प्रश्नाच्या रूपाने शिरला : ‘स्कोअर किती आला?’ उत्तर पंचवीसपैकी दिले जाई. आजाराची तीव्रता सांगण्यासाठी योजलेला हा आकडा पुढे बरे होण्याचेही माप मानला जाऊ लागला. हा वापर कितपत ग्राह्य आहे, याचा ऊहापोह करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आकड्याची घडण

फुफ्फुसांचे एकूण पाच खंड असतात. उजवीकडे तीन व डावीकडे दोन. प्रत्येक खंडाचा किती भाग बाधित आहे, यावरून त्यास ० ते ५ गुण दिले जातात. प्रचलित पद्धतीत ५ टक्क्यांहून कमी बाधेस १, ५ ते २५ टक्क्यांस २, २६ ते ५० टक्क्यांस ३, ५१ ते ७५ टक्क्यांस ४ आणि त्याहून अधिक बाधेस ५ गुण असतात. या सर्वांची बेरीज म्हणजे स्कोअर होय.

बरे होण्याचे माप म्हणून या रचनेत तीन उणिवा आहेत. एखाद्या खंडातील बाधा ५० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी झाली, तरी गुण तीनच राहतात. उलट २६ची २५ झाली की एक गुण लगेच कमी होतो. दुसरे असे की, उजव्या बाजूचा लहानसा मधला खंड आणि मोठे खालचे खंड यांना सारखेच वजन मिळते. तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. सावली किती पसरली हे आकडा सांगतो, ती कोणत्या स्वरूपाची आहे हे सांगत नाही. वुहानमधील २१ रुग्णांच्या २०२० सालच्या अभ्यासात बदलांची तीव्रता सुमारे दहाव्या दिवशी कळसास पोहोचल्याचे दिसले. पुढे घट्ट भाग विरघळू लागले, तेव्हा त्यांच्या जागी काचेच्या धूसरपणासारखी विस्तृत छटा दिसू शकते, असेही त्यात आढळले. म्हणजे सुधारणा होत असतानाही सावलीचा विस्तार मोठाच दिसू शकतो. केवळ आकडा वाचणारा कुटुंबीय अशा वेळी विनाकारण धास्तावतो.

काळाचा प्रश्न

फुफ्फुसाची भरपाई सावकाश होते. २००३ मधील सार्सच्या साथीत रुग्णालयातच लागण झालेल्या ७१ जणांचा बीजिंगमध्ये पंधरा वर्षे पाठपुरावा करण्यात आला. फुफ्फुसातील सरासरी बाधित भाग २००३ मध्ये ९.४ टक्के होता. वर्षभरात तो ३.२ टक्क्यांवर आला आणि त्यानंतर २०१८ पर्यंत फारसा बदलला नाही. पहिले वर्ष निर्णायक असते, असे यावरून दिसते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने मे २०२०च्या मार्गदर्शनात कोविड न्यूमोनियानंतरचे क्ष-किरण चित्र सुमारे १२ आठवड्यांनी काढण्याचे सुचविले होते. दोष उरला किंवा लक्षणे टिकली, तरच सीटीचा विचार करावा, असा त्यामागील क्रम आहे.

आपल्याकडे हा क्रम अनेकदा उलटा झाला. मे २०२१ मध्ये एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी अनावश्यक सीटीविरुद्ध इशारा देताना एका सीटीची तुलना ३०० ते ४०० क्ष-किरण चित्रांशी केली. इंडियन रेडिऑलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशनने ती अमान्य करून आधुनिक अल्पमात्रा तपासणीसाठी ही संख्या ५ ते १० असल्याचे म्हटले. किरणोत्साराची मात्रा यंत्र व पद्धतीनुसार बदलते, हे मान्य केले तरी मूळ प्रश्न उरतोच : पुढील तपासणीने उपचारात काय बदलणार आहे?

स्थानिक संदर्भ

२०११च्या जनगणनेनुसार बारा लाखांहून अधिक वस्ती असलेल्या वसई-विरार शहराचा मुंबईशी असलेला दुवा म्हणजे पश्चिम रेल्वे. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. सर्वांसाठी ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठरावीक वेळांतच, खुली झाली. अशा काळात दर तपासणी हा स्वतंत्र खर्च आणि स्वतंत्र प्रवास होता. राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये यंत्राच्या क्षमतेनुसार एचआरसीटीचे कमाल दर २,०००, २,५०० व ३,००० रुपये असे ठरविले. हा निर्णय स्वागतार्ह होता; परंतु त्याने किमतीस मर्यादा घातली, गरजेचा निकष मात्र रुग्ण व चिकित्सक यांच्यावरच सोपविला.

अर्नाळ्याचा मच्छीमार जाळे ओढताना धापतो का, वाडीत राबणारी बाई पाण्याची घागर उचलू शकते का, नोकरदार स्थानकाचा पूल न थांबता चढतो का, यांची उत्तरे स्कोअरमध्ये नसतात. सहा मिनिटांची चालण्याची चाचणी आणि बोटावरील ऑक्सिमीटर ती बऱ्याच अंशी देतात. जव्हार-मोखाड्यासारख्या दूरच्या तालुक्यांतही त्या करता येतात. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या वुहानच्याच पाहणीत सहा महिन्यांनंतर ६३ टक्के रुग्णांना थकवा किंवा स्नायूंची दुर्बलता जाणवत होती. स्वच्छ चित्र म्हणजे पूर्ण आरोग्य, हे समीकरण म्हणूनच टिकत नाही.

प्रतिमाचित्रण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. धाप वाढत असेल, ऑक्सिजन उतरत असेल, तर सीटी अपरिहार्य ठरते. न्यूमोनियाच्या सावलीआड दडलेली गाठही पाठपुराव्याच्या चित्रातच उघड होते. आपल्याकडे क्षयरोगाचा विचार तर टाळताच येत नाही. जुन्या क्षयाचा व्रण कोविडचा अवशेष समजला जाऊ शकतो आणि नवा क्षय ‘कोविडनंतरचा खोकला’ म्हणून दुर्लक्षिला जाऊ शकतो. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२० मध्ये दोन्ही रोगांच्या परस्पर तपासणीची सूचना केली होती, ती याच कारणाने. टिकलेल्या खोकल्यात थुंकीची तपासणी दुसऱ्या सीटीपेक्षा अधिक निकडीची असू शकते.

निष्कर्ष

आकडा वाचण्यास सोपा असतो, म्हणून तो विश्वासार्ह वाटतो. परीक्षेतील गुणांवरून विद्यार्थ्याची संपूर्ण पारख होत नाही, हे अध्यापकवर्ग जाणतोच. फुफ्फुसाच्या बाबतीतही तोच विवेक हवा. प्रथम लक्षणे व कार्यक्षमता, त्यानंतर योग्य वेळी क्ष-किरण चित्र आणि कारण असेल तरच सीटी, हा क्रम राखला जावा. तसेच प्रत्येक रुग्णाने आपली जुनी चित्रे व अहवाल जपून ठेवावेत. तुलनेस आधीचे चित्र नसेल, तर नव्या सावलीचे वय ठरविणे निष्णात तज्ज्ञासही कठीण जाते.