जवारी : एका शब्दाची व्याप्ती

जगातील पारंपरिक संगीताची ओळख करून देणाऱ्या ग्रंथांत वाद्यांचे चार वर्ग आरंभीच भेटतात. आपल्याला त्यांत नवे असे काही वाटत नाही. नाट्यशास्त्राच्या २८ व्या अध्यायात तत, अवनद्ध, घन आणि सुषिर हे चार प्रकार भरताने केव्हाच सांगून ठेवले आहेत. कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जमच्या राजाला भेट दिलेली भारतीय वाद्ये ब्रसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात गेली. तेथील संग्रहपाल व्हिक्टर माहियों यांनी १८८० साली आपल्या सूचीत याच धर्तीचे चार वर्ग केले. पुढे १९१४ मध्ये एरिख फॉन होर्नबोस्टेल आणि कुर्ट साक्स या दोन पंडितांनी त्यांना पोटवर्ग व क्रमांक जोडून जगातल्या झाडून साऱ्या वाद्यांना कप्पे नेमून दिले.

या मांडणीचा आपल्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तिची उपयुक्तताही वादातीत आहे. परंतु तिचा प्रश्न एकच आहे : कंप पावते ते काय? तार, कातडे, हवेचा स्तंभ की वाद्याचे अंगच? वाजवणाऱ्याला कोणता नाद हवा आहे, हा प्रश्न ती विचारीत नाही. समीक्षेला मात्र तोच प्रश्न विचारावा लागतो. त्यासाठी लागणारा एक शब्द आपल्या तंबोऱ्याच्या घोडीवर कित्येक पिढ्या बसून आहे. तो शब्द म्हणजे जवारी.

तंबोऱ्याची घोडी धारदार नसते, ती रुंद व किंचित उतरती असते. तार तिच्या पृष्ठभागाला चाटत कंप पावते. तारेखाली सुताचा दोरा सरकवीत सरकवीत कारागीर किंवा गवई ती नेमकी जागा शोधतो, आणि ती सापडताच कोरडी तार एकाएकी बोलू लागते. एका खर्जातून पंचम, गंधार आणि वरचे कितीतरी स्वर झिरपताना ऐकू येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या या घोडीचा अभ्यास केला होता. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्या उपस्वरांचे निःस्पंद स्थान असते, ते उपस्वर उमटू नयेत, असा भौतिकशास्त्राचा एक जुना नियम आहे. या घोडीपुढे तो नियम चालत नाही, ते उपस्वरही ठळकपणे ऐकू येतात, असे रामन यांना आढळले. म्हणजे ज्याला आपण तारेचा जीव म्हणतो, तो जन्माला येतो लाकूड किंवा हाड आणि तार यांच्या घासण्यातून.

आता जरा दूर जाऊ. झिंबाब्वेतील शोना लोकांचे म्बिरा हे वाद्य घ्या. लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी व तर्जनीने छेडून ते वाजवतात. पूर्वजांच्या आत्म्यांना बोलावण्याच्या विधीत त्याला मान आहे. त्या फळीवर आणि ज्या भोपळ्यात ते ठेवतात त्याच्या कडेवर शिंपले, आणि अलीकडे बाटल्यांची बुचे, मुद्दाम बसवलेली असतात. पट्टी छेडली की ती खुळखुळतात. पश्चिम आफ्रिकेतील मांदिंका लोकांच्या एकवीस तारांच्या कोरावरही घोडीशी पातळ पत्रा लावून त्याच्या कडेला तारेच्या कड्या ओवण्याची जुनी रीत आहे. जपानच्या शामिसेनच्या तीन तारांपैकी सर्वांत खालच्या सुराची तार वरच्या टोकाला आधारावर न ठेवता दांडीच्या लाकडाला निसटती लागू देतात. त्यातून निघणाऱ्या गुंजनाला सावारी म्हणतात. शब्दाचा अर्थ आहे स्पर्श.

वर्गीकरणात तंबोरा, कोरा आणि शामिसेन हे 'तत', तर म्बिरा 'घन'. कानाला मात्र या चौघांत एक नाते जाणवते. निखळ, धुतलेला स्वर पुरेसा नाही, त्याच्याभोवती काहीतरी थरथरत राहिले पाहिजे, असे या चारही परंपरांना वाटते.

मात्र येथेच सावध राहिले पाहिजे. 'सावारी म्हणजे जपानी जवारी' असे म्हणून मोकळे होणे हे 'मकाम म्हणजे अरबी राग' असे म्हणण्याइतकेच उथळ आहे. तंबोऱ्यात गुंजन तारेच्या पोटातून येते आणि षड्जाला बळकटी देते, गायक त्याच्या आत जाऊन बसतो. म्बिरावर वाजते ती वेगळी वस्तू. तिच्या खुळखुळाटात पट्ट्यांचे स्वर मिसळतात आणि कोणता स्वर कोठून आला हे कळेनासे होते. सावारीची गोष्ट आणखी निराळी. जपानी रचनाकार तोरू ताकेमित्सु यांनी या शब्दाला जपानीत 'अडथळा' असाही अर्थ चिकटलेला आहे, याकडे लक्ष वेधले होते. बिवा आणि शाकुहाची या वाद्यांना पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर उभी करणारी त्यांची 'नोव्हेंबर स्टेप्स' ही रचना १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये सादर झाली. समेट घडवण्यापेक्षा तिने अंतरच ऐकवले, असे मला वाटते. नाते ओळखावे, पण नावे एकमेकांवर चढवू नयेत.

पश्चिमेला हा नाद मुळातच ठाऊक नव्हता, असेही नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील युरोपीय हार्पमध्ये तारेला किंचित स्पर्श करून ती गुणगुणत ठेवणाऱ्या वाकड्या खुंट्या असत. त्या पुढे नाहीशा झाल्या आणि स्वच्छ स्वर हाच स्वर ठरला. आवड बदलली की वाद्य बदलते.

हे सारे आपल्याला सांगण्याचे कारण काय? आपण हा शब्द घोडीवरून उचलून माणसाच्या गळ्यावर ठेवला आहे. 'जवारीदार आवाज' हे मराठी रसिकाचे जुने प्रशस्तिपत्र. सतारीची जवारी खुली की बंद, यावरून रविशंकर आणि विलायत खाँ यांच्या नादांतला फरक जाणकार दोन शब्दांत सांगतात. आमची पाठ्यपुस्तके मात्र नादाची उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती एवढे सांगून थांबतात. त्यांतली 'जाती' वाद्य ओळखण्यापुरती. एकाच वाद्याच्या, एकाच गळ्याच्या नादात बरेवाईट कसे ठरवावे, हे ती सांगत नाही. जवारी सांगते.

आज इलेक्ट्रॉनिक तंबोरा घरोघरी आहे. तो सुरात असतो, थकत नाही, प्रवासात फुटत नाही. त्याला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. पण त्याच्यावर वाढलेल्या विद्यार्थ्याला सूत सरकवावे लागत नाही, आणि ज्याने कधी जवारी लावली नाही त्याला ती बिघडलेली कशी कळावी? ध्वनिमुद्रणात खरखर पुसताना तंत्रज्ञ तिच्याबरोबर काय पुसतो आहे, हे सांगणारा कानही मग उरत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंदच आहे. मानांकनाने नाव सुरक्षित राहते. घोडीवर कानस फिरवून थांबणारा हात, आणि 'आता बास' म्हणणारा कान, यांची सोय मात्र आपल्यालाच करावी लागेल.

म्हणून संगीतावर लिहिणाऱ्यांकडे माझे एवढेच मागणे आहे : मैफलीच्या परीक्षणात रागाचे नाव आणि तालाचे नाव लिहिता, त्याच ओळीत तंबोरे कसे बोलत होते तेही लिहा.