चार अंकांचें आयुष्य

युद्धावरील चित्रकथा म्हणजे पोरांच्या करमणुकीचा बाजार, अशी आमची कित्येक वर्षांची समजूत होती. वर्गांत वीर व करुण या रसांचें विवेचन करतांना असल्या चोपड्यांचें नांव घ्यावें, हें आमच्या स्वप्नांतहि आलें नसतें. ती समजूत आतां पुरती गेली असें म्हणवत नाहीं. परंतु ‘ब्लेझिंग कॉम्बॅट’ या अमेरिकन त्रैमासिकाचे अंक वाचल्यापासून ती पूर्वीच्या निश्चिंतपणें बाळगतांहि येत नाहीं.

अंक निघाले अवघे चार. पहिल्यावर ऑक्टोबर १९६५ चा महिना छापला आहे, चौथ्यावर जुलै १९६६ चा. प्रकाशक जेम्स वॉरेन. संपादक आर्ची गुडविन. गुडविन तेव्हां अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होता, आणि बहुतेक सर्व कथा त्यानेंच लिहिल्या आहेत. अमेरिकेंत १९५४ सालीं चित्रकथांच्या व्यवसायानें स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली होती. लहान मुलांच्या हातीं पडणाऱ्या पुस्तकांत रक्तपात किती असावा, अधिकाऱ्यांविषयीं आदर कसा राखावा, हें सारें तींत ठरवून दिलेलें होतें. वॉरेननें अंकाचा आकार साप्ताहिकाएवढा मोठा केला, आंतील छपाई काळ्या-पांढऱ्या रंगांत ठेवली, किंमत पस्तीस सेंट केली; आणि हें प्रौढांचें मासिकपत्र असल्यानें त्या संहितेच्या कक्षेंत येत नाहीं, अशी भूमिका घेतली. साध्या चित्रपुस्तकास त्या वेळीं बारा सेंट पडत. सेन्सॉरच्या कात्रींतून सुटण्याचा मार्ग कागदाच्या लांबीरुंदींतून निघावा, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते.

गुडविनपुढें कित्ता होता तो हार्वे कुर्ट्झमन याचा. कोरियाच्या युद्धाच्या काळांत कुर्ट्झमननें युद्धकथांचीं दोन नियतकालिकें चालविलीं व त्यांत रणांगणाचा खोटा झगमगाट उतरवून ठेवला. त्याच्या वेळचे कांहीं चित्रकारहि गुडविनला लाभले. तरीहि गुडविन नुसता अनुयायी ठरत नाहीं, आणि याचें कारण दुसऱ्या अंकांतील ‘लँडस्केप’ ही कथा. चित्रें जो ऑर्लांडो याचीं आहेत.

या कथेचा नायक सैनिक नाहीं. तो व्हिएतनाममधील एक म्हातारा शेतकरी आहे. राज्यें येतात, राज्यें जातात. आपण आपलें भात पिकवावें, एवढेंच त्याला कळतें. युद्ध त्याच्या गांवांत येतें तेव्हां त्यांतील कोणती बाजू न्यायाची, हा प्रश्न त्याला पडत नाहीं आणि लेखकहि तो त्याच्यावर लादीत नाहीं. शेवटीं सैनिक भाताच्या शेताला आग लावतात, ती थोपविण्यास म्हातारा धावतो, आणि मारला जातो. एवढीच कथा. या मासिकाला युद्धविरोधी म्हणून गौरविण्याची रीत पडली आहे. आमच्या मतें हा गौरव जरा ढोबळ आहे. युद्ध वाईट, हें सांगावयास प्रतिभा लागत नाहीं. ज्याचें हें युद्धच नव्हे त्याच्या डोळ्यांनीं तें पाहणें, हें अवघड काम होतें; आणि अमेरिकन नौसैनिकांची पहिली लढाऊ पथकें डा नांगच्या किनाऱ्यावर मार्च १९६५ मध्यें उतरलीं, त्याला वर्षहि झालें नसतां तें गुडविननें केलें.

त्याची किंमतहि लगेच वसूल झाली. माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेनें मासिकाविरुद्ध मोहीम उघडली, लष्करी छावण्यांतील दुकानांनीं अंक ठेवण्याचें नाकारलें, आणि घाऊक विक्रेत्यांनीं गठ्ठे न सोडतांच परत पाठविले, असें वॉरेननें पुढें मुलाखतींतून सांगितलें. सरकारी बंदी कोठेंच नव्हती. तिची गरज पडली नाहीं.

अकालीं मेलेल्याचे दोष काढूं नयेत, असा शिष्टाचार आहे खरा. पण समीक्षकानें तो पाळूं नये. गुडविनच्या कथा सहा-सात पानांच्या, आणि शेवटच्या चौकटींत कलाटणी देण्याची खोड त्याला जडलेली. दोन अंक वाचून झाले म्हणजे शेवट आधींच दिसूं लागतो. ‘साराटोगा’, ‘कँटिनी’ यांसारख्या ऐतिहासिक लढायांवरच्या कथांतून शाळामास्तराचा आवाज ऐकूं येतो. आम्हांस तो चांगलाच परिचयाचा आहे! याउलट जॉन सेव्हरिन यानें चितारलेली ‘होल्डिंग ॲक्शन’ पाहावी. कोरियांत शस्त्रसंधि होते, सर्वजण घरीं निघतात, पण एका कोवळ्या शिपायाचें मन मोर्चा सोडावयास तयार होत नाहीं. येथें कलाटणी वरून चिकटविलेली नाहीं. ती त्या पोराच्या स्वभावांतून निघते.

चित्रांविषयीं मात्र हात आखडण्याचें कारण नाहीं. अॅलेक्स टॉथ थोडक्या काळ्या पट्ट्यांत आकाशाची पोकळी उभी करतो. वॉली वुडचीं विमानें यंत्र म्हणून इतकीं नेमकीं असतात कीं त्यांत बसलेला माणूस त्यामुळेंच अधिक एकटा भासतो. रंग नाहीं, म्हणून रक्तहि काळेंच. धूर, चिखल आणि रक्त यांत भेद उरत नाहीं. मुखपृष्ठें चारहि फ्रँक फ्राझेटाचीं व रंगीत आहेत. तीं उत्तम असलीं तरी त्यांतील आवेश आंतल्या मजकुराशीं थोडा भांडतो.

हे चारहि अंक सिॲटल येथील फँटाग्राफिक्स या संस्थेनें २००९ सालीं एका ग्रंथांत पुनर्मुद्रित केले. वाचकांनीं आरंभ दुसऱ्या अंकापासून करावा, पहिल्याकडे मागाहून वळावें. घरांतील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या हातीं हा ग्रंथ द्यावयास आम्हांस संकोच वाटणार नाहीं. धाकट्यांनीं मात्र कांहीं वर्षें थांबावें. आणि तो फडताळांत वरच्या खणांत ठेवावा लागला, तरी कुलूप घालूं नये.