रूसोची पाच मुले

घर दिवाळीला आलेल्या मुलांनी गजबजले असताना मी रूसोचा ‘एमिल’ पुन्हा वाचला. दारिद्र्य असो वा कामाचा व्याप, स्वतःची मुले वाढवण्याच्या कर्तव्यातून बापाची सुटका नाही, असे १७६२ सालच्या या ग्रंथात रूसो बजावतो. आणि याच गृहस्थाने आपली पाचही अर्भके पॅरिसच्या अनाथालयात धाडली होती! वर ‘कन्फेशन्स’मध्ये खुलासा असा, की आपण स्वतःला प्लेटोच्या आदर्श राज्याचा नागरिक समजत होतो.

लेखक चुकला म्हणून ग्रंथ खोटा, असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार ग्रंथाविषयीच आहे. त्यातला एमिल अनाथ कल्पिलेला. त्याच्या दिमतीला एक शिक्षक. म्हणजे बापाला कर्तव्य सांगणाऱ्या पुस्तकात बापच नाही! त्याच वर्षीच्या ‘सामाजिक करारा’त करार करणारे सारे प्रौढ. पाळण्यातले मूल सही कशी करणार? तरी त्याचा हक्क सर्वांआधीचा.

प्लेटोने राज्यरक्षकांची मुले राज्याच्या हवाली केली. रूसोने सारा भार बापावर टाकला. पण बापाने पाठ फिरवली तर मूल कोणाचे? या दोन मतांमधल्या फटीतच ती पाच मुले हरवली.